गोळ्या-इंजेक्शन सोडून नैसर्गिक पद्धतीकडे: मधले सहा महिने कसे सांभाळायचे

"आता गोळ्या नकोत, दिवस बघून राहू," असं ठरवून येणाऱ्या बायकांना मी पहिला प्रश्न विचारते, कुठले दिवस? उत्तर ठरलेलं असतं. पाळीच्या आधीचे सात आणि पाळीनंतरचे सात. निपाणीत विड्या वळणारी बाई असो, बेळगावच्या शहापुरातली शिकलेली सून असो नाहीतर नंदगडची शेतात राबणारी असो, हिशेब तोच. खानापूर तालुक्यात आणि बेळगाव शहरात नर्स म्हणून काम करताना या सात-सातवर राहिलेले बरेच गर्भ मी पाहिलेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हिशेब कुठे फसतो ते बघा. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. जिची पाळी २४ दिवसांनी येते तिचं बीज दहाव्या दिवसाच्या आसपास सुटणार. रक्तस्राव पाचव्या दिवशी थांबला आणि सातव्या दिवशी संबंध आला, तर पुरुषबीज आतल्या ओलाव्यात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. दहाव्या दिवशी ते तिथेच असतं. स्त्रीबीज स्वतः १२ ते २४ तासच टिकतं, पण पुरुषबीजाच्या या पाच दिवसांमुळे गर्भ राहण्याचा काळ सहा दिवसांचा होतो. हे सहा दिवस दर महिन्याला, दर बाईला वेगळे. कॅलेंडरवर बोट ठेवून ते सापडत नाहीत. शरीर त्यांची खूण देतं, ती वाचायला शिकावी लागते.

शिकता येते, हे आधीच सांगते. शाळा किती झाली याचा तिच्याशी संबंध नाही. पण वेळ लागतो, आणि त्या वेळात गर्भ राहू नये म्हणून दुसरी सोय हवी. गोळी बंद केली आणि त्याच रात्रीपासून शरीरावर विसंबले, असं होत नाही.

आकडेही जाणून घ्या. वर्षभर शंभर बायकांनी रोजच्या सवयीने, म्हणजे थोड्याफार चुका धरून गोळ्या घेतल्या तर साधारण सात जणींना दिवस जातात. तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर चौघींना, कंडोमवर तेरा जणींना. नैसर्गिक पद्धतींमध्ये हा आकडा दोनपासून तेवीसपर्यंत जातो. कोणती पद्धत धरली आणि ती किती काटेकोर पाळली, यावर तो ठरतो. स्राव आणि तापमान या दोन्ही खुणा मिळून नियम एकदाही न मोडता पाळले, तर तो एकाच्याही खाली येतो. या लेखात मी हीच दोन खुणांची पद्धत सांगणार आहे.

आधी ठरवा, सोडायचं कशासाठी

काही कारणं पक्की असतात. डोकं दुखतं, मळमळतं, मन उदास राहतं, संप्रेरकं (हार्मोन्स) शरीरात नकोत असं वाटतं, वर्षभरात मूल हवं आहे. ही तुमची कारणं आहेत आणि ती कुणापुढे सिद्ध करायची गरज नाही.

पण काही कारणं ऐकीव असतात. "गोळ्यांनी पिशवी वाळते" हे खरं नाही. अंतरा या तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर पाळी थांबली की "घाण रक्त आत साचतं" असं सासवा-जावा सांगतात. तेही खरं नाही. इंजेक्शनमुळे पिशवीचं आतलं अस्तर वाढतच नाही, म्हणून बाहेर पडायला काही नसतं. फक्त याच भीतीने सोडत असाल तर पुन्हा विचार करा.

गोळ्या कशासाठी सुरू झाल्या होत्या तेही आठवा. अतिरक्तस्राव, पोटात भयंकर दुखणं, पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होणं) यांसाठी असतील तर गोळ्या थांबल्यावर तो त्रास परत येणार. त्याची सोय डॉक्टरांशी बोलून करा, मगच गोळ्या थांबवा. पाळीचं रक्त गोळ्यांवर कमी जात असतं, ते वाढेल, म्हणून हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. ऊसतोडीच्या नाहीतर तंबाखूच्या कामात दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईला आधीच रक्त कमी असेल तर हे फार महत्त्वाचं.

आणि काही जणींना मी ही पद्धत घेऊ नका असंच सांगते. जिला गर्भ राहणं जिवावर बेतू शकतं, मोठा हृदयविकार आहे, फिट्ससाठी व्हॅल्प्रोएटसारखं बाळाला अपाय करणारं औषध चालू आहे, तिने मधल्या चुकीचा धोका घेऊ नये. जिच्या घरी "आज नको" म्हणण्याची सोय नाही, नवरा पिऊन येतो, जबरदस्ती करतो, तिनेही नाही. तिच्यासाठी तांबी किंवा अंतरा बरी. ती कुणाला न सांगताही घेता येते.

तुम्ही काय घेता, त्यावर सुरुवात ठरते

माला-एन किंवा माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ संप्रेरकांच्या आणि शेवटच्या ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत जे रक्त जातं ती खरी पाळी नसते, संप्रेरकं थांबल्याने होणारा तो रक्तस्राव असतो. त्यामुळे "माझी पाळी तर घड्याळासारखी येते" हा गोळ्यांवरचा अनुभव पुढे उपयोगाचा नाही. पाकीट मधेच सोडू नका, पूर्ण संपवा. मधे सोडलं तर आदल्या आठवड्यातल्या संबंधातूनही दिवस जाऊ शकतात. पाकीट संपवून नवं सुरू केलं नाही की बीज सुटणं काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतं. "अंगातून गोळ्या निघायला वर्ष जातं" हा समज मोठा घातक आहे. पहिल्या महिन्यातही गर्भ राहतो.

अंतराचं उलट आहे. शेवटचं इंजेक्शन तीन महिने पुरतं, पण बीज सुटणं परत सुरू व्हायला त्यापुढेही वेळ लागतो. गर्भ राहण्याची क्षमता यायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने, काहींना त्याहून जास्त. या काळात पाळी येत नाही, किंवा मधेच डाग, मधेच रक्त असा गोंधळ असतो. पाळी आली नाही म्हणजे गर्भ राहणार नाही, असं धरू नका. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. शेवटच्या इंजेक्शनला तीन महिने झाले की दुसरी सोय चालू करा.

संप्रेरकाची तांबी किंवा दंडातली काडी असेल तर ती काढल्या दिवसापासूनच सोय हवी, क्षमता लवकर परतते. छाया गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणी तिला माला-एनची बहीण समजतात. छायात संप्रेरक नसतं, पण ती पाळी लांबवते, त्यामुळे ती थांबवल्यावरही पुढचे नियम तसेच पाळा. साधी तांब्याची तांबी असेल तर तुमचं काम सोपं आहे. ती आत असतानाच खुणा लिहायला शिका, हात बसला की मग काढा.

अंगावर पाजणारी आई असाल तर थोडं थांबा. बाळ सहा महिन्यांच्या आत, फक्त अंगावरचं दूध, रात्रीही पाजणं चालू आणि पाळी आलेली नाही, या सगळ्या अटी जुळत असतील तोवर पाजण्यानेच चांगलं संरक्षण मिळतं. एक अट सुटली की संरक्षण सुटलं. या काळातल्या खुणा वाचणं अवघड असतं, नवशिक्या बाईने तिथून सुरुवात करू नये.

मधल्या काळात कंडोम

माझा नियम असा: गोळ्या थांबवल्यापासून दोन्ही खुणांनी पक्क्या झालेल्या तीन पाळ्या पूर्ण होईपर्यंत प्रत्येक संबंधाला कंडोम, नाहीतर संबंध टाळणं. गोळ्यांनंतर याला चार-सहा महिने लागतात, अंतरानंतर वर्षही लागू शकतं. निरोध सरकारी दवाखान्यात आणि आशाताईकडे फुकट मिळतो. गावातल्या ओळखीच्या मेडिकलमध्ये मागायला संकोच वाटत असेल तर नवऱ्याला बेळगावला आल्यावर आणायला सांगा.

सीमाभागातल्या पुष्कळ घरांत नवरा रोज घरी नसतो. खानापूरचे गोव्याला नाहीतर पुण्या-मुंबईला कामाला, कित्येक घरांतले फौजेत. तो पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला की बाईचे सुपीक दिवस नेमके त्यातच पडतात आणि सगळे नियम बाजूला राहतात. अशा घरात पद्धत चालत नाही असं नाही. पण सुट्टीची तारीख कळली की कंडोम घरात आधी येऊन पडले पाहिजेत. दुसरं म्हणजे, नवरा घरी नसलेल्या महिन्यांतही वही लिहीत राहा. शिकायला तेच सगळ्यात चांगले महिने. संबंध नसल्याने स्राव स्वच्छ वाचता येतो.

वही आणि थर्मामीटर

शंभर पानी वही पुरे. प्रत्येक पाळीला एक पान. रक्त नीट लागलं तो पहिला दिवस. रकाने पाच: दिवस, तारीख, उठल्यावरचं तापमान, स्राव, आणि शेवटी वेगळं काही घडलं असेल तर ते, जसं ताप, जागरण, प्रवास, औषध, संबंध. घरात कालनिर्णयवर पाळीचं टिंब टाकायची सवय असेल तर ती राहू द्या, पण ते पुरेसं नाही. एकत्र घरात वही कुणाच्या हाती लागेल असं वाटत असेल तर शब्दांऐवजी खुणा वापरा.

थर्मामीटर डिजिटल घ्या. सेल्सिअसवर घेणार असाल तर दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा हवा, तो सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही. साधाच असेल तर फॅरनहाइटवर ठेवा, तिथे एकेक दशांशाची पायरी जास्त बारीक पडते आणि काम भागतं. मधेच थर्मामीटर बदलू नका, सेल संपत आला की आधीच बदला.

पांढरं वाचायला शिकणं

या सगळ्यात अवघड आणि मोलाचा भाग हा. आपल्याकडे "अंगावरून पांढरं जातंय" हे दुखणं म्हणूनच सांगितलं जातं. त्याने हाडं झिजतात, अशक्तपणा येतो, असं मुलींना लहानपणापासून ऐकवलेलं असतं. सरकारी दवाखान्यात कन्नड बोलणाऱ्या सिस्टरला "बिळी सेरगू" सांगितलं की तीही आधी दुखण्याचाच विचार करते. पण महिन्यातले काही दिवस जाणारा पारदर्शक, बुळबुळीत ओलावा हे निरोगी शरीराचं काम आहे. पिशवीच्या तोंडातून तो सुटतो, आणि पुरुषबीज जगतं ते याच ओलाव्यात. गोळ्यांवर असताना हा स्राव दाट आणि चिकट राहतो, गोळ्यांचं काही काम त्यातूनही होतं. म्हणून कित्येक वर्षं गोळ्या घेतलेल्या बाईला थांबवल्यावर हा ओलावा दिसला की ती घाबरते आणि "पांढऱ्याचं औषध" घ्यायला जाते.

दुखण्याचं पांढरं वेगळं ओळखू येतं. खाज, जळजळ, घाण वास, हिरवट-पिवळा रंग, गुठळ्या-गुठळ्यांचा पांढरा स्राव, लघवीला आग, ओटीपोटात दुखणं. यातलं काही असेल तर डॉक्टर, आणि उपचार संपेपर्यंतच्या खुणा वहीत धरायच्या नाहीत.

पाहायचं कसं? आपण पाण्याने धुतो, त्यामुळे धुतल्यावर बघून काही उरत नाही. लघवीला बसण्याआधी, हात स्वच्छ धुऊन, योनीच्या तोंडाशी बोट किंवा स्वच्छ कापडाचा मऊ तुकडा पुढून मागे एकदा फिरवा. आत बोट घालायची गरज नाही. दोन गोष्टी टिपा: चालताना-बसताना तिथे काय जाणवतं, कोरडं, ओलसर की निसरडं, आणि बोटावर काय दिसतं. अंगठा आणि बोट मिटून उघडा. स्राव लगेच तुटतो की ताणला जातो? दिवसातून तीन-चार वेळा, आणि रात्री झोपताना दिवसभरातली सगळ्यात ओली नोंद वहीत.

पाळीचं रक्त थांबल्यावर बहुधा काही दिवस कोरडे जातात. मग चिकट, पांढरट, बोटावर तुटणारा स्राव येतो. मग तो पातळ होतो, वाढतो, ओलं जाणवायला लागतं. शेवटी पारदर्शक, निसरडा, भेंडी चिरताना सुटणाऱ्या तारेसारखा लांब ताणला जाणारा. त्यानंतर एका दिवसात सगळं बदलतं, पुन्हा चिकट किंवा कोरडं. निसरड्या ओलाव्याचा शेवटचा दिवस म्हणजे शिखराचा दिवस. तो त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या दिवशी ओलावा गेल्यावर मागे वळून कळतो. वहीत त्यावर फुली करा आणि पुढच्या दिवसांना १, २, ३ लिहा.

संबंधाच्या दुसऱ्या दिवशी वीर्यामुळे, कंडोम वापरला असेल तर त्याच्या वंगणामुळे स्राव वाचता येत नाही. अशा दिवशी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाचा दिवस म्हणजे सुपीक दिवस, सूट नाही.

सकाळचं तापमान

बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि शरीराचं पहाटेचं तापमान थोडं वर जातं, साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटवर अर्धा-पाऊण अंश. पुढच्या पाळीपर्यंत ते वरच राहतं. बीज सुटून गेल्याचा तो घरच्या घरी मिळणारा पुरावा आहे. फक्त स्रावावर विसंबू नये ते याचसाठी. गोळ्या-इंजेक्शन थांबवल्यानंतरच्या महिन्यांत शरीर बीज सोडायचा प्रयत्न करतं आणि मधेच थांबतं. ओलावा येतो, जातो, पुन्हा येतो. तापमान चढलं नाही तर बीज सुटलेलं नाही, मग शिखर कितीदाही दिसो.

जाग आली की अंथरुणातच, उठण्याआधी, बोलण्याआधी, चहाआधी. जिभेखाली ठेवून तोंड मिटून तीन मिनिटं, बीप आधी वाजला तरी. काखेतलं चालत नाही. त्याआधी निदान तीन तास सलग झोप झालेली हवी. उशाशी थर्मामीटर बघून सासूबाई "ताप आला का गं?" म्हणतील, त्यांना काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवा.

पहाटे चारला पाणी भरायला उठणारी आणि रविवारी सहाला उठणारी, दोन्ही वेळांना तापमान थोडं वेगळं येतं. वेळ शेवटच्या रकान्यात लिहा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारी किंवा रात्रपाळीची नर्स असेल तर दिवसा झोपून उठल्यावरचं घ्या, पण शिफ्ट बदलण्याच्या आठवड्यात आकडे वेडेवाकडे येतात. ज्या दिवशी ताप, दारू, जागरण, रडणाऱ्या बाळामुळे तुटलेली झोप असेल, त्या आकड्याला कंस करा आणि हिशेबात धरू नका.

दोन्ही खुणा जुळवणं

एक पान उदाहरणासाठी घेऊ. आकडे फॅरनहाइटमध्ये.

पहिले पाच दिवस रक्त. सहा ते आठ कोरडे. नऊ आणि दहाला चिकट, पांढरट. अकराला दाटसर ओलसर, बाराला ओलं, तेरा, चौदा आणि पंधराला निसरडं, ताणलं जाणारं. सोळाला एकदम चिकट, सतरापासून कोरडं. म्हणजे शिखर पंधरावा दिवस. त्यानंतर १, २, ३ मोजले की अठरावा.

तापमान: अकराव्या दिवशी ९७.१, मग ९७.३, ९७.२, ९७.४, ९७.२, सोळाव्याला ९७.३. सतराव्याला ९७.७, अठराव्याला ९७.८, एकोणिसाव्याला ९७.९.

नियम असा. आधीच्या सहाही आकड्यांपेक्षा वरचा आकडा आला की तिथे थांबून मागे बघा. त्या सहांतला सगळ्यात मोठा शोधा, इथे ९७.४. त्याच्यावर रेघ मारा. रेघेच्या वर सलग तीन दिवस हवेत आणि तिसरा निदान ०.४ अंशाने वर हवा. ९७.९ आहे, म्हणजे झालं. तिसरा तेवढा चढला नाही तर चौथ्याची वाट बघा, तो रेघेच्या वर असला की पुरे.

आता दोन्हींपैकी जे उशिरा संपलं ते धरायचं. स्रावाची मोजणी अठराव्याला संपली, तापमानाची एकोणिसाव्याला. म्हणून एकोणिसाव्या दिवसाच्या संध्याकाळपासून पुढची पाळी येईपर्यंत गर्भ राहण्याचा काळ संपला. गोळ्या थांबवल्यानंतरच्या पहिल्या पानांवर मी आणखी एक दिवस मोजायला सांगते, म्हणजे विसाव्याची संध्याकाळ, आणि तीन पानं पक्की होईपर्यंत त्यानंतरही कंडोम चालूच. दोन खुणा जुळल्याच नाहीत, तर ते सबंध पान सुपीक.

पहिल्या तीन पाळ्या

या काळात पान नीट दिसत नाही म्हणून घाबरू नका. चाळीस दिवसांनी पाळी येईल, तापमान चढून सात-आठ दिवसांतच रक्त येईल. दोन-तीन महिन्यांत बहुतेकींचं हे बसतं. गोळ्या थांबवून तीन महिने पाळी आलीच नाही तर गर्भ तपासून डॉक्टरांना दाखवा. अंतरानंतर जास्त काळ लागतो हे वर आलंच, पण शेवटच्या इंजेक्शनला वर्ष उलटलं तर दाखवा.

या पाळ्यांत एकही दिवस मोकळा, म्हणजे कंडोमशिवायचा नाही, रक्ताचे दिवससुद्धा. कारण तापमान चढल्याशिवाय आलेलं रक्त पाळी नसून मधला रक्तस्राव असू शकतो, आणि तो नेमका बीज सुटण्याच्या सुमारास होऊ शकतो. अंतरा सोडलेल्या बाईने हे खास लक्षात ठेवावं.

तीन पानं पक्की झाल्यावर, आणि आदल्या पाळीत तापमान नीट चढलेलं असेल तरच, पुढच्या पाळीचे पहिले पाच दिवस मोकळे धरता येतात. मधेच ओलं जाणवलं तर त्या क्षणापासून बंद. ज्यांची पाळी कधीकाळी २५ दिवसांत किंवा त्याआधी आलेली आहे, त्यांनी हे पाच दिवसही धरू नयेत.

दिवस मोजायच्या मण्यांच्या माळेबद्दल नेहमी विचारतात. त्या माळेत ३२ मणी असतात, आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे दिवस टाळायचे. पाळी सतत २६ ते ३२ दिवसांत येणाऱ्या बाईलाच ती चालते, म्हणून गोळ्या नुकत्या सोडलेल्या बाईच्या कामाची नाही. ही कल्पना आपल्या कर्नाटकाला नवी नाही. १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी संततिनियमन केंद्रं उघडली होती, आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या लोदी कॉलनीबरोबर म्हैसूर राज्यातल्या रामनगरातही दिवस मोजण्याचा प्रयोग झाला, रंगीत मण्यांच्या माळा देऊन. फार थोड्या जोडप्यांना तो निभला. मोबाईलच्या ॲपचंही तेच. ते मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं. नोंद ठेवायला वापरा, हिरवा दिवस दाखवला म्हणून विश्वास टाकू नका.

पान बिघडवणाऱ्या गोष्टी

सगळ्यात मोठी आपल्याकडची: पाळी लांबवायच्या गोळ्या. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा, गणपती, घरातलं लग्न, वास्तुशांत. मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या आणल्या जातात आणि आठ-दहा दिवस घेतल्या जातात. ते संप्रेरकच आहे. त्या घेतल्या की ते पान बाद, आणि तीन पाळ्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पाळीत देवाला जायचं की नाही हे तुमचं घर ठरवेल, पण नैसर्गिक पद्धत पाळायची असेल तर या गोळ्या सोडाव्या लागतील, असं मी स्पष्ट सांगते. या गोळ्यांवर असताना गर्भ राहत नाही हाही गैरसमज आहे.

तातडीच्या, म्हणजे संबंधानंतर घ्यायच्या गोळीनेही तसंच पान बाद होतं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या स्राव कोरडा करतात. थायरॉईडचा त्रास, चाळिशीनंतरची बदलणारी पाळी, एकदम घटलेलं वजन, यांनीही खुणा हलतात.

नवऱ्याने काय करायचं

अर्धं काम त्याचं. सकाळी बीप वाजला की थर्मामीटर वाचून आकडा लिहिणं त्याच्याकडे द्या. काही जोडप्यांत मी हे पाहिलंय. तो रोज आकडा लिहितो, त्यामुळे आज कुठला दिवस आहे हे त्याला विचारावं लागत नाही आणि नाही म्हणायचं ओझं तिच्या एकटीवर पडत नाही. ओल्या दिवसांत बाईची स्वतःची इच्छाही बऱ्याचदा जास्त असते, हे दोघांनी मोकळेपणाने बोलून ठेवावं. त्या दिवसांत कंडोम की संबंध टाळायचे, हे आधी ठरवा, रात्री बारा वाजता नव्हे. "बाहेर काढतो" हा उपाय धरू नका. आणि ही पद्धत गुप्तरोगांपासून, एचआयव्हीपासून संरक्षण देत नाही.

चुकलं तर

सुपीक दिवसात कंडोम फाटला किंवा राहिला, तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. पाच दिवसांच्या आत दवाखान्यात तांबी बसवली तर ती गोळीपेक्षाही खात्रीची, आणि पुढे वर्षानुवर्षं काम करते.

तापमान सलग अठरा दिवस वर राहिलं आणि पाळी आली नाही तर गर्भ राहिल्याची शक्यता मोठी आहे. आशाताईकडे निश्चय नावाचं तपासणी किट असतं, मेडिकलमध्येही इतर मिळतात. मूल ठेवायचं असेल तर फॉलिक ॲसिड लगेच सुरू करा. खरं तर मूल झालं तरी चालेल असं वाटणाऱ्या जोडप्याने ते गोळ्या थांबवल्यापासूनच घ्यावं, रोज ४०० मायक्रोग्रॅम.

नको असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन किंवा पद्धत फसल्याच्या कारणावरून वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, लग्न झालेलं असो वा नसो. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरी घेऊ नका, सरकारमान्य दवाखान्यातच जा. किटवर गर्भ राहिल्याचं दिसतं आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा मधेच रक्त, असं काही झालं तर गर्भ नळीत असू शकतो. सकाळची वाट न बघता त्याच वेळी बिम्स (बेळगावचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला निघा, आणि वही बरोबर घ्या. शेवटची पाळी आणि तापमान चढल्याचा दिवस त्यात लिहिलेला असतो, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.